अपशब्दाचा पुनःस्वीकार : जनाबाई ते वेश्या अन्याय मुक्ती परिषद – एक चिकित्सा

गोषवारा : स्त्रीच्या लैंगिक वर्तनावर ठपका ठेवणारा अपशब्द तिने स्वतःहून स्वीकारणे ही अलीकडच्या पाश्चात्त्य चळवळींची देणगी आहे, असा एक समज आपल्या अभ्यासक्षेत्रात रूढ आहे. प्रस्तुत लेखात मराठी परंपरेतील तीन प्रसंगांच्या आधारे या समजाची चिकित्सा केली आहे. जनाबाईचा अभंग, ताराबाई शिंदे यांचा निबंध आणि सांगलीच्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेचे नाव हे ते तीन प्रसंग होत. अपशब्दाचा पुनःस्वीकार कोण करते, कोणासमोर करते आणि तो नाकारण्याची मुभा तिला आहे काय, या तीन प्रश्नांवर त्याचे मूल्य ठरते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : अपशब्द, पुनःस्वीकार, जनाबाई, ताराबाई शिंदे, वेश्या, जात, लिंगभाव

१. प्रस्तावना

२४ जानेवारी २०११ रोजी कॅनडातील टोरांटो येथे यॉर्क विद्यापीठात सुरक्षिततेविषयी एक बैठक झाली. अत्याचार टाळायचा असेल तर स्त्रियांनी 'स्लट'सारखा पेहराव करू नये, असा सल्ला तेथे एका पोलीस शिपायाने दिला. 'स्लट' म्हणजे अनेकांशी संग करणारी, चालचलणूक वाईट असलेली बाई. या सल्ल्याच्या निषेधार्थ ३ एप्रिल २०११ रोजी टोरांटोत जो मोर्चा निघाला, त्याने तोच शब्द आपल्या नावात घेतला आणि 'स्लटवॉक' जगभर पोहोचला. भारतात जुलै २०११ मध्ये भोपाळ येथे आणि ३१ जुलै रोजी दिल्ली येथे असे मोर्चे निघाले. मात्र येथे आयोजकांनी मूळ नावाला 'बेशर्मी मोर्चा' अशी जोड दिली.

ही जोड केवळ भाषांतराची सोय नव्हती. 'स्लट' हे व्यक्तीचे नाव आहे, तर 'बेशर्मी' हे वर्तनाचे. व्यक्तीवर मारलेला शिक्का येथे भाववाचक नामात विरघळला. 'छिनाल' किंवा 'रांड' हा शब्द फलकावर लिहिण्याचे धाडस आयोजकांना झाले नाही, असे म्हणून हा प्रश्न निकालात काढता येत नाही. मूळ शब्द का उचलता आला नाही, याचे उत्तर त्या शब्दांच्या सामाजिक इतिहासात शोधावे लागते. त्याचबरोबर, जो शब्द २०११ च्या दिल्लीत उचलता आला नाही, तो पंढरपूरच्या वाटेवर एका दासीने आणि सांगलीत एका संघटनेने उचलला, ही वस्तुस्थितीही समजून घ्यावी लागते. या दोन्ही गोष्टींचा एकत्रित विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. शब्द, दर्जा आणि दंड

मराठीत स्त्रीच्या चारित्र्यावर बोट ठेवणाऱ्या शब्दांची संपत्ती मोठी आहे. स्वैरिणी, कुलटा, पुंश्चली, व्यभिचारिणी हे संस्कृतातून आलेले. शिंदळ, छिनाल, रांड, बटीक, बाजारबसवी हे बोलीतले. यांच्या तुलनेत पुरुषासाठी असलेले शब्द पाहावेत. 'बाहेरख्याली' किंवा 'रंडीबाज' हे त्याच्या सवयीचे वर्णन करतात आणि 'रंगेल' या शब्दात तर कौतुकाची छटा आहे. स्त्रीविषयक शब्द मात्र सवय सांगत नाहीत, ते अस्तित्व सांगतात. पुरुष बाहेरख्यालीपणा 'करतो'. स्त्री छिनाल 'असते'. सवय सोडता येते, असणे सोडता येत नाही. व्याकरणातला हा भेद समाजव्यवहारातील भेदाचेच प्रतिबिंब आहे.

'रांड' हा शब्द याहून बोलका आहे. मोल्सवर्थच्या कोशात त्याचे 'विधवा' आणि 'वेश्या' असे दोन्ही अर्थ मिळतात. नवरा मेला ही घटना आणि शरीरविक्रय हा व्यवहार या दोहोंसाठी एकच शब्द असणे हा योगायोग नव्हे. ज्या स्त्रीवर एका पुरुषाची मालकी उरली नाही, ती सर्वांची झाली, हे गृहीतक त्या शब्दाच्या पोटात आहे. म्हणजे येथे वर्तनाचा पुरावा लागतच नाही. 'बटीक' या शब्दातही तेच घडते. मुळात तो दासीवाचक. परंतु दासीच्या देहावर धन्याचा हक्क गृहीत असल्यामुळे तिचा दर्जाच तिच्या चारित्र्याचे वर्णन ठरला.

अपशब्द आणि दर्जा यांचे हे नाते केवळ बोलण्यापुरते नव्हते. पेशवेकालीन कागदपत्रांत 'सिंदळकी' हा गुन्हा म्हणून येतो. या आरोपावरून स्त्रीला कुणबीण, म्हणजे गुलाम, करून सरकारी कोठ्यांत कामाला लावल्याची किंवा विकल्याची प्रकरणे इतिहाससंशोधकांनी अभ्यासली आहेत. अशा वेळी 'शिंदळ' हा शब्द शिवी राहत नाही, तो निवाडा होतो. ज्या शब्दाने बाईचे माणूसपण कायद्याने काढून घेतले जात असे, तो शब्द फलकावर सहज मिरवता येत नाही, याचे एक कारण येथे सापडते.

३. जनाबाई : दासीचे स्वतःला दिलेले नाव

या पार्श्वभूमीवर जनाबाईचा एक अभंग वाचावा लागतो. डोईवरचा पदर खांद्यावर आलेला असताना, हातात टाळ आणि खांद्यावर वीणा घेऊन, ती भरल्या बाजारात जाण्याचा निर्धार त्यात सांगते. पंढरीच्या पेठेत ती आपले पाल मांडते आणि अखेरीस देवाला उद्देशून आपण 'येसवा' झाल्याचे जाहीर करून त्याच्या घराची वाट धरते. संतगाथेची हस्तलिखित परंपरा पाहता जनाबाईच्या नावावरील प्रत्येक अभंगाच्या कर्तृत्वाबद्दल सावध राहणे योग्यच आहे. तथापि परंपरेने हा अभंग जनाबाईचा म्हणून जपला, गायिला आणि स्वीकारला, ही बाबही कमी महत्त्वाची नाही.

अध्यापनात या अभंगाचा अर्थ बहुधा घाईने सांगितला जातो. 'येसवा' म्हणजे वेश्या. परंतु येथे ते केवळ रूपक असून लोकलज्जा सोडून केलेली अनन्यभक्ती एवढाच आशय घ्यावा, असे विद्यार्थ्यांना सांगितले की शिक्षकाची अडचण संपते. हा अर्थ चुकीचा नाही, पण अपुरा आहे. लोकलज्जा सोडणे सांगण्यासाठी संतांकडे 'वेडा', 'पिसा' यांसारखे इतर शब्द होते. जनाबाईने नेमका हाच का निवडला, हा प्रश्न त्यातून सुटत नाही.

त्याचे उत्तर तिच्या दर्जात आहे. परंपरेनुसार जनाबाई गंगाखेडची, शूद्र कुळातील, आणि लहानपणीच नामदेवांच्या घरी दासी म्हणून आलेली. आपल्या अभंगांत ती स्वतःची ओळख 'नामयाची दासी' अशीच देते. दासी आणि बटीक या शब्दांतले अंतर किती कमी होते, हे वर पाहिले. म्हणजे 'येसवा' हा तिच्यासाठी दूरच्या जगातला अलंकार नाही. पदर जरा ढळला की गावाच्या जिभेवर तयार असलेला तो शब्द आहे. अभंगाची सुरुवातच पदर ढळण्यापासून होते, हे या दृष्टीने लक्षणीय आहे. लोक जे म्हणणार, ते तिने आधीच म्हणून टाकले. इतरांनी तृतीयपुरुषी वाक्यात वापरायचा शब्द तिने प्रथमपुरुषी क्रियापदाला जोडला आणि 'आहे' न म्हणता 'झाले' म्हटले. अस्तित्वाचा शिक्का येथे निर्णयाचे विधान बनला.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वेश्येला 'घर' नसते. तिला बाजार असतो. गृहिणीला घर असते. पण तिला बाजारात एकटीने, डोईवरच्या पदराशिवाय, जाता येत नाही. जनाबाई बाजारात उभी राहते आणि तेथून घराकडे निघते. हे घर मात्र नवऱ्याचे वा धन्याचे नाही. घर आणि बाजार यांपैकी एकाचीच निवड करण्याची जी सक्ती समाजाने स्त्रीवर केली, ती सक्तीच या रचनेत मोडीत निघते. अपशब्दाचा स्वीकार हे येथे अंतिम ठिकाण नाही. तो उंबरठा आहे.

हे शक्य झाले याचे कारण जनाबाईला गावापेक्षा वेगळे न्यायासन उपलब्ध होते. ती बोलते विठ्ठलाशी. गावाला ती पुरावा देत नाही, क्षमाही मागत नाही. ऐकणारा बदलल्यामुळे शब्दाचा अर्थ बदलला. पुनःस्वीकारासाठी केवळ बोलणारीचे धैर्य पुरत नाही, तर वेगळा ऐकणारा लागतो, हा या अभंगातून मिळणारा पहिला निष्कर्ष होय.

४. ताराबाई शिंदे : शब्दाची परतफेड

१८८१ साली सुरत येथील विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती कमी करण्यात आली. परंतु त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रियांच्या, विशेषतः विधवांच्या, चारित्र्यावर चिखलफेक झाली. 'पुणेवैभव' पत्रातील अशा लेखनाने संतप्त होऊन बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' हा निबंध प्रसिद्ध केला.

ताराबाईंची रीत जनाबाईहून वेगळी आहे. त्या अपशब्द स्वतःवर घेत नाहीत, तो परत करतात. स्त्रियांवर जे जे दुर्गुण लादले गेले त्यांची यादी करून, यांतला कोणता पुरुषांत नाही, असा थेट सवाल त्या विचारतात. स्त्रीला घराबाहेर फूस लावून नेणारा कोण आणि ती बाजारात येऊन पडल्यावर तिला नावे ठेवणारा कोण, हे दोघे एकच असल्याचे त्या दाखवून देतात. ज्या भाषेत 'छिनाल'ला पुरुषवाचक जोड नाही, तेथे तुलना हीच बंडखोरी ठरते. निबंधाच्या नावातच ती आहे.

मात्र या रीतीची मर्यादाही नोंदवली पाहिजे. परतफेड करणारी व्यक्ती शब्दाची निंदाव्यंजकता मान्य करूनच तो परत करीत असते. शब्दाचे वजन तसेच राहते, केवळ ते कोणाच्या पारड्यात टाकायचे एवढे बदलते. आणि या परतफेडीची किंमत ताराबाईंनी मोजली. निबंधावर सत्यशोधक वर्तुळातूनही टीका झाली. जोतीराव फुले यांनी १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांची पाठराखण केली, हे खरे. परंतु ताराबाईंचे दुसरे पुस्तक आपल्याला मिळत नाही. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी निबंधाचे पुनःप्रकाशन करीपर्यंत तो जवळजवळ विस्मृतीतच होता. जनाबाईला विठ्ठल होता. ताराबाईंना ज्या वाचकवर्गासमोर बोलायचे होते, तो अद्याप तयार व्हायचा होता.

५. सांगली, १९९६ : नावातील व्याकरण

सांगली येथे १९९२ पासून 'संग्राम' या संस्थेने एचआयव्ही प्रतिबंधाच्या कामाच्या निमित्ताने शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांशी संपर्क साधला. त्यातूनच या स्त्रियांची स्वतःची संघटना १९९६ मध्ये उभी राहिली. तिचे नाव 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद'. इंग्रजी आद्याक्षरांनी होणारे तिचे लघुरूप 'व्हॅम्प', म्हणजे चित्रपटातील खलनायिकेचे नाव. एकाच नावात दोन भाषांतले दोन शिक्के उचललेले आहेत.

या नावाचा समास बारकाईने पाहण्यासारखा आहे. सुधारणावादी भाषेत आजवर 'पतित', 'उद्धार', 'पुनर्वसन' हे शब्द येत राहिले. त्या भाषेत स्त्रीला ज्यापासून सोडवायचे ती गोष्ट म्हणजे तिचे वेश्या असणे. सांगलीच्या नावात मात्र मुक्ती हवी आहे ती अन्यायापासून. 'वेश्या' हे मुक्तीचे लक्ष्य नाही, ते मुक्ती मागणाऱ्या कर्त्याचे नाव आहे. पोलिसांची मारहाण, गुंडांची खंडणी, रुग्णालयातली हेटाळणी, मुलांना शाळेत ऐकावे लागणारे शब्द, या सर्वांचा अंतर्भाव 'अन्याय' या शब्दात होतो. 'सेक्स वर्कर' ही संज्ञा तोवर प्रचारात आली असताना त्यांनी जुना शब्द नावात ठेवला. नव्या, निर्मळ शब्दाने कागद बदलतो; गल्लीतला शिपाई बदलत नाही. तो ज्या शब्दाने हाक मारतो, त्याच शब्दाने संघटनेचे निवेदन त्याच्या टेबलावर येणे, हा खरा फरक आहे.

येथे वेगळे न्यायासन कोणते, असा प्रश्न उपस्थित होईल. ते म्हणजे परिषद, अर्थात एकमेकींसमोर बसलेल्या त्याच स्त्रिया. जनाबाईच्या रचनेत जे स्थान विठ्ठलाचे, ते येथे समूहाचे. त्याला कायद्याचा आधार मिळण्यास आणखी बराच काळ जावा लागला. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी बुद्धदेव कर्मस्कर प्रकरणात दिलेल्या निर्देशांत, पोलिसांनी या स्त्रियांना सन्मानाने वागवावे व त्यांना शारीरिक तसेच शाब्दिक छळ करू नये, असे बजावले. शिवी हा छळ आहे, हे देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने मान्य केले.

६. नकाराचा पक्ष

येथपर्यंतच्या विवेचनावरून पुनःस्वीकार हाच स्त्रीमुक्तीचा मार्ग होय, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. या परंपरेला तितकाच सबळ असा नकाराचा पक्ष आहे.

१६ जून १९३६ रोजी मुंबईतील परळच्या दामोदर सभागृहात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी देवदासी, मुरळी, जोगतिणी यांच्या सभेत भाषण केले. कामाठीपुऱ्यातील स्त्रियांनी हे लाजिरवाणे जिणे सोडून द्यावे, असे त्यांनी निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. या भाषणाचा कठोरपणा आजच्या वाचकाला खटकू शकतो. समाजाच्या लाजेचे ओझे पुन्हा स्त्रीच्याच डोक्यावर दिले गेले, असा आक्षेपही घेता येईल. तथापि त्यामागील इतिहास विसरून चालणार नाही. ज्या जातींतील मुली देवाच्या नावाने सोडल्या जात, त्यांच्या बाबतीत अपशब्द व्यक्तीला नंतर चिकटत नसे, तो जन्माआधीच जातीला चिकटलेला असे. शर्मिला रेगे यांनी लावणी कलावंतांवरील आपल्या लेखनात (१९९५) दाखविल्याप्रमाणे, कनिष्ठ मानलेल्या जातींतील स्त्री स्वभावतःच स्वैर, ही धारणा उच्चवर्णीय कुलस्त्रीच्या पावित्र्याची दुसरी बाजू म्हणून घडविली गेली. असा शब्द उचलून मिरवणे म्हणजे शोषकाचीच साक्ष खरी ठरविणे, असे या स्त्रियांना वाटले तर ते गैर कसे म्हणावे?

सप्टेंबर २०११ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांनी स्लटवॉकच्या आयोजकांना जे खुले पत्र लिहिले, त्यातील मुद्दा याच जातीचा आहे. गुलामगिरीच्या काळापासून आमच्या देहांवर जे शिक्के मारले गेले, ते पाहता हा शब्द खेळकरपणे अंगावर घेण्याची सोय आम्हाला नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. दोन खंडांतील, पाऊणशे वर्षांच्या अंतराने आलेली ही दोन विधाने एकच गोष्ट सांगतात. शब्द उचलण्याचे स्वातंत्र्य ज्याला तो टाकण्याचेही स्वातंत्र्य आहे, त्यालाच स्वस्तात मिळते. मोर्चा संपल्यावर जी घरी जाऊन सामान्य नागरिक होते आणि मोर्चा संपल्यावरही जिला त्याच नावाने हाक मारली जाते, त्या दोघींनी उच्चारलेला शब्द एक नसतो.

७. शब्द पुसावा की ठेवावा

पुनःस्वीकार आणि नकार यांखेरीज तिसरा मार्ग म्हणजे शब्द पुसून टाकणे. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लिंगभावविषयक साचेबंद कल्पनांवर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. 'स्लट', 'पतित स्त्री' अशा शब्दांऐवजी न्यायालयीन लेखनात केवळ 'स्त्री' म्हणावे, असे तिने सुचविले. विशेष म्हणजे 'पतिव्रता' या अर्थाचा गौरवपर शब्दही त्याच यादीत होता. हे मर्मग्राही आहे, कारण गौरव आणि निंदा एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. 'वेश्या' या अर्थाच्या शब्दासाठी प्रथम 'सेक्स वर्कर' हा पर्याय सुचविला होता. काही संघटनांच्या आक्षेपानंतर तो बदलण्यात आला. निर्दोष पर्यायाबद्दलही एकमत होत नाही, ही गोष्ट बोलकी आहे.

निवाड्याच्या भाषेतून असे शब्द जावेत, याबद्दल दुमत नसावे. न्यायाधीशाच्या लेखणीतील शब्द निर्णय असतो. परंतु साहित्य आणि समीक्षा यांना हा नियम जसाच्या तसा लागू करता येत नाही. जनाबाईच्या अभंगातील 'येसवा' पुसला तर अभंगच उरत नाही.

समीक्षेने मात्र स्वतःकडेही पाहायला हवे. २०१० मध्ये वर्धा येथील केंद्रीय हिंदी विद्यापीठाच्या तत्कालीन कुलगुरूंनी एका वाङ्मयीन मासिकातील मुलाखतीत, स्त्रियांच्या आत्मकथनपर लेखनाची संभावना करताना 'छिनाल' हा शब्द वापरला. देशभर निषेध झाल्यावर त्यांनी माफी मागितली. या प्रसंगात लेखिकेच्या मजकुरावरील अभिप्राय म्हणून तिच्या देहावरचा शिक्का वापरला गेला. आपल्या महाविद्यालयीन चर्चांत इतके उघड शब्द येत नाहीत. पण 'धीट', 'बिनधास्त', 'भडक' ही विशेषणे लेखिकांच्याच वाट्याला का येतात, याचा विचार आपण क्वचितच करतो.

८. समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात. पहिला, अपशब्दाचा पुनःस्वीकार ही मराठी परंपरेला परकी कल्पना नाही; तिचे एक ठळक रूप संतवाङ्मयात आहे. दुसरा, हा स्वीकार अर्थपूर्ण होण्यासाठी बोलणारी त्या शब्दाखाली प्रत्यक्ष जगलेली असावी लागते आणि तिला ऐकणारे वेगळे न्यायासन लागते, मग ते दैवत असो, वाचक असोत वा संघटना. तिसरा, नकार हाही स्वतःला नाव देण्याचाच प्रकार आहे. जिने शब्द टाकला ती जिने उचलला तिच्यापेक्षा कमी धीट ठरत नाही.

राहता राहिला प्रश्न आपला, म्हणजे अध्यापकांचा. आपण ना जनाबाईच्या जागी आहोत, ना सांगलीच्या गल्लीत. आपण ऐकणाऱ्यांच्या जागी आहोत. वर्गात हा अभंग शिकविताना 'येसवा'चा अर्थ खालच्या आवाजात सांगून पुढे जायचे, आणि त्याच वर्गाबाहेर एखाद्या विद्यार्थिनीच्या पेहरावावरून किंवा मैत्रीवरून कुजबूज चालली असता कानावर हात ठेवायचे, या दोन गोष्टी एकाच सवयीच्या आहेत. तो शब्द पूर्ण उच्चारून, तो कोणी कोणावर मारला आणि जनाबाईने त्याचे काय केले, हे सांगितले तर बाकांवर बसलेल्या मुलींना निदान एक गोष्ट कळेल. गाव जे नाव देते ते शेवटचे नसते. मुलग्यांनाही कळेल की, तो शब्द तोंडातून काढणारा निवाडा देत असतो आणि तो अधिकार त्याला कोणी दिलेला नाही. ऐकणारे न्यायासन घडविणे हे ग्रंथालयात नव्हे, तर वर्गात होणारे काम आहे.